धरण्याची जागा

युद्धाला विरोध करणारा मनुष्य कोठे उभा राहतो, यावर त्याच्या विरोधाचा निम्मा अर्थ ठरतो. उरलेला निम्मा त्याच्या शेजारी कोण उभे आहे, यावर. घोषणेतील शब्दांच्या वाट्याला मग फारसे काही उरत नाही.

६ ऑगस्ट २००५ रोजी सिंडी शीहान या अमेरिकी माता टेक्सासमधील क्रॉफर्ड या लहानशा गावाबाहेर, रस्त्याकडेच्या चरात येऊन बसल्या. त्यांचा चोवीस वर्षांचा सैनिक पुत्र केसी ४ एप्रिल २००४ रोजी बगदादच्या सद्र सिटी भागात मारला गेला होता. अध्यक्ष बुश त्या वेळी जवळच्या आपल्या शेतघरी प्रदीर्घ सुटीवर होते. माझा मुलगा कशासाठी गेला, एवढेच या मातेला त्यांना विचारायचे होते. वॉशिंग्टनमध्ये असे शेकडो प्रश्न फलकांवर झळकत आणि सायंकाळी कचऱ्यात जात. पण सुटीवरील सत्ताधीशाच्या दाराशी उन्हात बसलेली आई, हे चित्र कोणत्याही भाषणाहून बोलके होते. देणेकऱ्याच्या दारात धरणे धरून बसण्याची रीत ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, त्याला यातील बळ समजावून सांगावे लागत नाही. बुश यांनी आपले दोन अधिकारी बोलणी करण्यास धाडले. स्वतः मात्र भेटले नाहीत. २००४ मध्ये ते या मातेला एकदा भेटले होते, हेही नमूद केले पाहिजे.

त्याच रस्त्याकडेला मृत सैनिकांच्या नावांचे शेकडो पांढरे क्रूस रोवले गेले. एका स्थानिकाने त्यांतील काहींवरून ट्रक घातला. त्या उद्दामपणाचा निषेध योग्यच होता. परंतु काही वीरमाता-वीरपित्यांनी येऊन आपल्या मुलांची नावे तेथून काढून नेली, त्याची चर्चा किती झाली? त्यांचे पुत्रही त्याच युद्धात पडले होते, आणि त्या बलिदानाचा अर्थ दुसऱ्या कोणी लावावा, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांचे दुःख शीहान यांच्या दुःखाहून हलके कसे म्हणावे?

पुढे जागा बदलली. जानेवारी २००६ मध्ये शीहान व्हेनेझुएलाच्या कॅराकस नगरीत जागतिक सामाजिक मंचाच्या मेळाव्यात ह्यूगो चावेझ यांच्यासमवेत दिसल्या. प्रश्न तोच होता, आई तीच होती; पण बुशद्वेषाच्या राजकारणावर उभ्या असलेल्या परकीय सत्ताधीशाच्या शेजारी तो प्रश्न आईचा राहिला नाही, डाव्यांच्या जाहीरनाम्यातील एक कलम झाला. मुलगा गमावलेला एखादा मध्यमवर्गीय अमेरिकी पिता क्रॉफर्डच्या चराशी क्षणभर थबकला असता. कॅराकसच्या व्यासपीठाकडे तो कशाला पाहील?

सत्तेलाही जागेचे मोल ठाऊक असते. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला, बुश यांच्या वार्षिक अभिभाषणापूर्वी, अमेरिकी संसदेच्या प्रेक्षक सज्जातून शीहान यांना अटक झाली. कारण, अंगातील सदऱ्यावर लिहिलेला मृत सैनिकांचा आकडा : २,२४५. गंमत अशी, की सैनिकांना पाठिंबा देणारा सदरा घातलेल्या एका खासदारपत्नीलाही त्याच सायंकाळी बाहेर काढण्यात आले. नंतर पोलीस प्रमुखांनी क्षमा मागितली.

लंडनमध्ये ब्रायन हॉ हा गृहस्थ जून २००१ पासून थेट संसदेसमोर ठाण मांडून बसला होता. २००५ च्या कायद्याने संसदेच्या एक किलोमीटर परिसरात विनापरवाना निदर्शनांस बंदी आली, आणि मे २००६ मध्ये पोलिसांनी रातोरात त्याचे बहुतेक फलक उचलले. मार्क वॉलिंजर या कलावंताने त्यांची हुबेहूब प्रतिकृती २००७ मध्ये टेट ब्रिटन संग्रहालयात मांडली. कायद्याची हद्द दाखवणारी काळी रेघही जमिनीवर ओढली. त्याला मानाचे टर्नर पारितोषिक लाभले. रस्त्यावर जो उपद्रव ठरला, तो दालनात कलाकृती ठरला. आणि खासदारांना त्या फलकांजवळून जाण्याची गरज उरली नाही.

मे २००७ मध्ये शीहान यांनी चळवळीचा चेहरा म्हणून वावरणे सोडले. डेमोक्रॅटिक पक्षावर टीका करताच आपलेच लोक उलटले, अशी त्यांची तक्रार होती. क्रॉफर्डमध्ये धरण्यासाठी घेतलेली पाच एकर जमीन त्यांनी त्याच वर्षी विकून टाकली.