खाणीतली तळी, पक्षी आणि फुकटचे श्रेय

१/ "खाणकाम थांबले की निसर्ग आपोआप परत येतो." हे वाक्य हल्ली फार स्वस्तात फिरते. पुराव्यादाखल इंग्लंडमधली खडीची जुनी तळी दाखवली जातात : पाहा, खाण होती तिथे आज बदके पोहतात! बदके पोहतात हे खरेच. 'आपोआप' हा शब्द मात्र इतिहासाची चोरी आहे. #धागा

२/ नॉटिंगहॅमजवळ, ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो हे खेडे आहे. क्रॉमवेलचा जावई आणि पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या आज्ञापत्रावर सही करणाऱ्यांपैकी एक, हेन्री आयर्टन, १६११ साली इथेच जन्मला. हिमयुगातल्या वितळपाण्याने या खोऱ्यात वाळू-खडीचे थर आणून टाकले होते. १९२९ पासून ते उपसले जाऊ लागले.

३/ खडी गेली, खड्डे उरले. भूजल उथळ असल्याने ते पाण्याने भरले आणि पाणी दिसल्यावर पक्षी उतरले. 'आपोआप' घडले ते एवढेच. पक्षी उतरणे आणि पक्षी टिकणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर माणसांनी कापले.

४/ १९६० च्या दशकाच्या आरंभी हे खड्डे वीजकेंद्राच्या राखेने बुजवण्याचा घाट घातला गेला. भरलेला खड्डा म्हणजे पडीक जागा, हा त्या काळचा हिशेब. त्याविरुद्ध माणसे उभी राहिली; १९६३ मध्ये स्थापन झालेल्या नॉटिंगहॅमशरच्या वन्यजीव न्यासाने हा लढा आपला मानला. १९६६ मध्ये डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या हस्ते राखीव क्षेत्राचे उद्घाटन झाले. (नाव गावाचे आहे, त्यांचे नव्हे!)

५/ मुळात उतरायला पक्षी शिल्लक का होते? आपल्या टिबुकलीचा थोरला, तुरेवाला भाऊबंद म्हणजे ग्रेट क्रेस्टेड ग्रीब. त्याच्या छातीची मऊ पिसे व्हिक्टोरियन स्त्रियांच्या पोशाखासाठी सोलली जात. १८६० च्या सुमारास तो ब्रिटनमधून नामशेष होण्याच्या बेतात होता. मग १८८० चा वन्यपक्षी संरक्षण कायदा आला, आणि १८८९ मध्ये पिसांच्या व्यापाराविरुद्ध स्त्रियांनीच संघटना उभारली.

६/ १९३१ मध्ये टॉम हॅरिसन आणि फिल हॉलम यांनी शेकडो स्वयंसेवकांच्या मदतीने या पक्ष्याची गणना केली, तेव्हा तो सावरलेला आढळला. पुढे खडीच्या तळ्यांनी त्याला घर दिले, हे निर्विवाद. पण पाहुणा जिवंत ठेवला कायद्याने आणि चळवळीने. नुसत्या खड्ड्याने नव्हे.

७/ दुसरा साक्षीदार कंठेरी चिखल्या. हा इवला पक्षी आपल्याकडेही नदीकाठच्या वाळूत दिसतो. ब्रिटनमध्ये त्याचे पहिले घरटे नोंदले गेले ते १९३८ मध्ये, ट्रिंगच्या जलाशयावर; पुढे तो पसरला तो मुख्यतः खडीच्या खाणींतून. आता गंमत पाहा : त्याला उघडी खडी लागते. जागा 'निसर्गावर सोडली' की गवत येते, मग विलोची झुडपे येतात, आणि चिखल्या निघून जातो. त्याच्यासाठी बेटे पुन्हा पुन्हा खरवडून मोकळी ठेवावी लागतात.

८/ केंटमधल्या सेव्हनओक्सला १९५६ मध्ये जेफरी हॅरिसन या डॉक्टरांनी खडीच्या तळ्यांवर प्रयोग आरंभला. ते स्वतः शिकारी. बदके नेमके काय खातात याचा अभ्यास करून त्यांनी त्या वनस्पती लावल्या, बेटे रचली, काठांना उतार दिला. याला 'आपोआप' म्हणायचे, तर शेतीलाही म्हणावे लागेल.

९/ आणि कायदा? १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने खाणीला परवानगी आणि अटी बंधनकारक केल्या. काम संपल्यावर जमिनीची पुनर्स्थापना व पुढील देखभाल, या अटींना १९८१ च्या खनिज कायद्याने बळ दिले. औदार्य म्हणून मिरवले जाते ते पुष्कळदा कर्तव्य असते.

१०/ अ‍ॅटनबरोची जमीन १९६६ नंतरही अर्धशतकाहून अधिक काळ खडी कंपन्यांच्याच मालकीची राहिली. शेवटी न्यासाने लोकवर्गणीचे आवाहन करून ती सेमेक्स कंपनीकडून विकत घेतली. विकत! खड्डा कंपनीचा, पक्षी सर्वांचे, आणि बिल लोकांच्या नावे.

११/ आक्षेप येईल : खाण नसती तर तळेही नसते. मान्य. पण वैद्याच्या कौशल्याचे श्रेय जखमेला देत नाहीत. शिवाय खाणीआधी तिथे पूरमैदान होते, त्याचे स्वतःचे जीवन होते. या गोड कथेत त्याची आठवणही निघत नाही.

१२/ हे आपल्याला का सांगायचे? नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळही मानवनिर्मितच. गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे झालेले. मानवनिर्मित पाणथळ मौल्यवान असू शकते, यात वाद नाही. वाद आहे तो क्रमाचा. उद्या कुणी डोंगर फोडताना किंवा नदीचे पात्र उपसताना "नंतर पक्षी येतीलच" म्हणाला, तर त्याला चार प्रश्न विचारा : पुनर्स्थापनेची अट लेखी आहे का? पैसा कुणाचा? देखभाल कोण करणार? आणि जमीन शेवटी कुणाच्या नावावर?

१३/ उत्तरे नसतील, तर तो भविष्यातले तळे दाखवून आजचा खड्डा विकतो आहे.