मामाचा फोन आणि पीण्यातला पत्ता

गेल्या महिन्यात गडहिंग्लजहून मामाचा फोन आला. एरवी मामा फोन करतो तो रविवारी, जेवण झाल्यावर, निवांत. हा आला मंगळवारी सकाळी साडेनऊला. मी मेट्रोत उभी होते, एका हातात डबा, एका हातात कडी.

"अगं, तू त्या पीण्यातच कामाला हाईस न्हवं?"

"हो मामा. का?"

"एक पत्ता पाठवतो. दुपारच्याला जरा बघून येशील काय?"

पत्ता एका फुटबॉल अकॅडमीचा होता. माझा मामेभाऊ पंधरा वर्षांचा आहे. गडहिंग्लज म्हणजे फुटबॉलवेडं गाव, आमच्याकडे दिवाळीत फराळाइतकीच फुटबॉलच्या सामन्यांची वाट बघतात. तर हा पोरगा चालायला लागल्यापासून चेंडूमागे आहे. यंदा निवड चाचणीला गेला आणि यादीत नाव आलं नाही. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मामाच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज आला : बेंगळुरूत थेट प्रवेश, कॉलेजात स्पोर्ट्स कोटा, पुढे मोठ्या क्लबची ट्रायल. नोंदणी फी चाळीस हजार, शनिवारच्या आत. मामानं पतसंस्थेत कर्जाचा अर्जही आणून ठेवला होता.

जेवणाच्या सुट्टीत मी निघाले. ज्यांनी पीण्या बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, ही आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. शेडला शेड लागून. लेथ, मिलिंग, प्लेटिंग, पॅकिंग. रस्त्यावर लोखंडाचा कीस आणि कूलंटचा वास. पत्त्यावर पोचले तर समोर पावडर कोटिंगचं छोटं युनिट. दारातले काका बेळगावकडचे निघाले, त्यामुळे बोलणं मराठीतच झालं.

"फुटबॉल? हितं उभं राहायला जागा नाही, खेळणार कुठं? पण तुम्ही पहिल्या नाही. मागच्या महिन्यात हावेरीकडचे बाप-लेक आले होते. पोराच्या खांद्याला बॅग. पैसे भरून आले होते."

मी मामाला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. चाळीस हजार वाचल्याचा आनंद त्याच्या आवाजात नव्हता. मग म्हणाला, "बरं. मग ह्यानं आता करायचं काय?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला लगेच देऊ शकले नाही. त्यानंतर मात्र बरंच वाचलं, थोडी विचारपूस केली. आजचा लेख म्हणजे मामाला दिलेलं ते उत्तर. तुमच्याही घरात असं एखादं पोरगं किंवा पोरगी असेल, म्हणून इथे लिहिते आहे.

यादीत नाव नसतं तेव्हा

आधी हे समजून घेऊ, की चाचणीत नेमकं काय दिसतं. शेदोनशे मुलं, एक मैदान, एक-दोन दिवस. बघणाऱ्याच्या नजरेत पटकन भरतो तो उंच, दणकट आणि वेगवान मुलगा.

त्यात वयोगटाची रेघ १ जानेवारीला आखलेली असते. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. तेरा-चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे चार बोटं उंची आणि चांगलीच ताकद. कॅनडातल्या आइस हॉकीत १९८० च्या दशकात अभ्यासकांनी हे मोजून दाखवलं, की निवडलेल्या मुलांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं फार जास्त असतात. पुढे युरोपातल्या फुटबॉल अकॅडम्यांतही तेच दिसलं. यात कुणी लबाडी करत नाही. आज मोठा दिसणारा मुलगा चांगलाही वाटतो, इतकंच. मग निवड झालेल्याला चांगलं मैदान, चांगला कोच आणि जास्त सामने मिळतात आणि तो खरोखरच पुढे जातो. मागे राहिलेला घरी बसतो.

आमच्या पोराचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो. मामाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग काय, जन्मतारीख बदलायची व्हय?" नाही मामा. तसलं काही करू नकोस, सापडलं तर खेळायलाच बंदी येते. थोडं थांबायचं.

डिसेंबरात जन्मलेला मुंबईकर

थांबायचं म्हणजे किती? राहुल भेकेचं उदाहरण बघा. मुंबईचा मराठी मुलगा, जन्म ६ डिसेंबर १९९०. एअर इंडिया, मुंबई एफसी, मग कोलकात्याचा ईस्ट बंगाल. २०१५ मध्ये केरळा ब्लास्टर्स, २०१६ मध्ये पुणे सिटी. २०१७ मध्ये तो आमच्या बेंगळुरू एफसीत आला. तोवर वय सव्वीस. पोस्टरवर झळकणाऱ्या नावांत त्याचं नाव नसायचं. बचावफळीत खेळणाऱ्याचं तसंही कौतुक कमीच होतं.

१७ मार्च २०१९, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, मुंबईत, समोर एफसी गोवा. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळही संपत आलेली. कॉर्नर आला आणि भेकेनं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. १-०. बेंगळुरूचं पहिलं आयएसएल विजेतेपद, स्वतःच्या गावात, स्वतःच्या डोक्यानं. त्याच वर्षी जूनमध्ये थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये तो भारताकडून पहिल्यांदा खेळला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

पुढे २०२१ मध्ये तो मुंबई सिटीत गेला. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्यानं गोल केला आणि मुंबई सिटी हा एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. २०२४ मध्ये तो पुन्हा बेंगळुरूत परतला.

आपल्याकडे पोरानं क्लब बदलला की लोक म्हणतात, "कुठं टिकत नाही वाटतं." भेके इतके संघ फिरला, तेव्हा कुठे त्याला त्याची जागा सापडली. खेळात संघ बदलणं म्हणजे बऱ्याचदा नोकरी बदलण्यासारखंच असतं. मैदानात उतरायला मिळतं त्या ठिकाणी जायचं.

रिक्षा, तालीम आणि वर्ल्ड कप

दुसरं उदाहरण मामाच्या जास्त जवळचं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव. वडील रिक्षाचालक. लहान वयातच तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला आणि पुण्यात बालेवाडीला घडला. तिथे राहणं, जेवण, शाळा आणि सराव यांचा भार सरकार उचलतं. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप झाला, तेव्हा हा पोरगा भारताच्या संघात होता. भारत तिन्ही सामने हरला, पण कोल्हापुरातल्या पेठांत त्या दिवसांत टीव्हीसमोरून कुणी हललं नसेल. पुढे तो इंडियन अॅरोज, जमशेदपूर आणि हैदराबाद या संघांकडून खेळला.

अनिकेत काही एकट्याच्या बळावर उगवला नाही. त्याच्या मागे अख्खं गाव आहे. कोल्हापुरात फुटबॉल संघांच्या नावांत आजही 'तालीम' असते : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. कुस्तीच्या तालमी होत्या, त्यांनीच पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. शाहू स्टेडियमवर सामना असला की एका पेठेची माणसं एका बाजूला, दुसरीची दुसऱ्या बाजूला. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते, तेव्हा कोण कुठल्या संघात गेला याची चर्चा चहाच्या गाड्यावर निवडणुकीसारखी रंगते. तिथलं पोरगं बूट मिळायच्या आधी प्रेक्षक असतं, मग बॉल आणून देणारं, मग राखीव खेळाडू. त्याला घडवणाऱ्यांत कोच असतो, तसा 'पास दे की लेका' म्हणून ओरडणारा पानपट्टीवालाही असतो.

अर्थात तिथेही अडचण आहेच. जिंकायची घाई झाली की बाहेरचे, अगदी परदेशातले खेळाडू आणले जातात आणि पेठेतलं पोरगं बाकावर बसतं. त्यावरून वादही होतात. सामना रंगतदार होतो, हे खरंच. पण बाकावर बसून कुणी फुटबॉल शिकत नाही.

अमेरिकेतही तेच

तुम्हाला वाटेल, परदेशात सगळं शिस्तीत चालत असेल. अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा आणि फेकायचा वेगळा खेळ. तिथे विद्यापीठांचे संघ शाळकरी मुलांना निवडतात, त्यांना हॉटेलसारखे तारे दिले जातात, दोन तारे, तीन तारे, पाच तारे.

जॉश अॅलन हा कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावच्या शेतकरी घरातला मुलगा. शाळा संपली तेव्हा पहिल्या श्रेणीच्या एकाही विद्यापीठानं त्याला बोलावलं नाही. तो जवळच्या रीडली नावाच्या दोन वर्षांच्या साध्या कॉलेजात खेळला, तिथे अंगानं भरला आणि मग देशभरातल्या प्रशिक्षकांना स्वतःच्या खेळाचे व्हिडिओ ईमेल करत बसला. अखेर वायोमिंग विद्यापीठानं घेतलं. २०१८ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत तो सातवा होता आणि २०२४ च्या हंगामात देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्याच २०१८ मध्ये तिथे 'ट्रान्सफर पोर्टल' आलं. कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूनं त्यात नाव टाकायचं, दुसरी कॉलेजं त्याला बोलावतात. आधी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ पासून एकदा सूट मिळाली आणि २०२४ मध्ये ती एकदाची मर्यादाही गेली. दुर्लक्षित खेळाडूला दुसरी संधी मिळाली, हे चांगलंच झालं. पण प्रशिक्षकांनाही सवय लागली : कच्चं पोरगं घेऊन तीन वर्षं घडवण्यापेक्षा पोर्टलवरून तयार माल उचलायचा. कोल्हापुरातला बाकावरचा पोरगा आणि अमेरिकेतला दोन ताऱ्यांचा पोरगा, दोघांचं दुखणं एकच.

तर मामा, करायचं काय?

मी मामाला जे लिहून पाठवलं, ते तुमच्यासाठी थोडक्यात :

• "थेट निवड" आणि "आजच पैसे भरा" हे दोन शब्दप्रयोग एकत्र दिसले की फोन ठेवायचा. पैसे देण्याआधी घरातल्या कुणीतरी जागेवर जाऊन मैदान बघायचं. मैदान नाही तर अकॅडमी नाही.

• भारतीय फुटबॉल महासंघ अकॅडम्यांना मान्यता देतो आणि त्यांची यादी जाहीर करतो. त्यात नाव आहे का, कोचकडे महासंघाचं लायसन्स आहे का, हे विचारायला लाजायचं नाही.

• चांगल्या जागा बऱ्याचदा फुकट असतात. क्रीडा प्रबोधिनी आहे, नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची पूर्ण शिष्यवृत्तीची अकॅडमी आहे. शाळेचा संघ सुब्रतो कपला उतरत असेल तर तेही व्यासपीठ मोठं आहे.

• महासंघाच्या संगणकीय प्रणालीत खेळाडूची नोंदणी होते आणि क्लब बदलताना बदलीही तिथूनच होते. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी किती वर्षांसाठी बांधले जातोय, ते वाचायचं.

• कॉलेजचा स्पोर्ट्स कोटा खरा असतो, पण तो कॉलेजच्या ऑफिसात विचारायचा. तिथे जिल्हा, राज्य, आंतरविद्यापीठ स्पर्धांची प्रमाणपत्रं बघतात. म्हणून शाळेपासूनचं प्रत्येक प्रमाणपत्र फाइलला लावून ठेवा.

• शिक्षण सोडायचं नाही. २०२५ मध्ये आयएसएलचा करार अडकला, लीग लांबणीवर पडली आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं. विजेत्या क्लबावर ही वेळ आली. हातात पदवी असलेली बरी.

शेवटचा मुद्दा मी यादीत लिहिला नव्हता, फोनवर सांगितला. पोराला यंदा ज्या संघात जास्तीत जास्त मिनिटं खेळायला मिळेल, तिथे खेळू दे. संघ छोटा असला तरी चालेल. आणि त्याला सांग, की यादी एका दिवसाची होती.

मामानं पतसंस्थेचा अर्ज फाडला नाही, मामी म्हणाली तो त्यानं कपाटात ठेवलाय. खरी अकॅडमी मिळाली तर लागेल म्हणून. पोरगा आता रोज पहाटे मैदानावर जातो. दिवाळीच्या स्पर्धेसाठी गावातल्या एका लहान संघानं त्याला घेतलंय. उजव्या बाजूचा बचावपटू. आधी तो पुढे खेळायचा, म्हणून थोडा हिरमुसला होता. मी त्याला भेकेचा तो २०१९ चा गोल पाठवला. त्याचं उत्तर आलं, "ताई, हा पण मागंच खेळतो?"

बेंगळुरूहून तुमकूर रस्त्यानं निघालेला महामार्ग बेळगाववरून थेट कोल्हापूरकडे जातो. संध्याकाळी ऑफिसातून निघताना तिकडे जाणाऱ्या बसेस दिसतात. तेव्हा मला हावेरीचे ते बाप-लेक आठवतात. पत्ता चुकीचा निघाल्यावर ते त्याच रस्त्यानं परतले असतील, बॅग मांडीवर घेऊन. त्या मुलानं खेळणं सोडलं नसेल, अशी मला आशा आहे.

दिवाळीला मी गावी जाते आहे, सामने बघायला. तुमच्या गावात, गल्लीत असं कुणी यादीबाहेर राहिलेलं पोरगं किंवा पोरगी खेळत असेल, तर एखाद्या संध्याकाळी तुम्हीही मैदानाकडे जाऊन या.