मंद कोण?

मंडळी, माझ्या शब्दसंग्रहाबद्दल इथे पूर्वी लिहिलंच आहे. एका शब्दाला एक फाइल, अशा आता अकरा हजारांवर फाइली झाल्यात. कधी काय लिहिलं, काय खोडलं याची नोंद राहावी म्हणून नातवाने मला 'गिट' शिकवलं. (या वयात! पण जमलं.) फक्त 'काय बदललं?' एवढं विचारलं की माझा विंडोजवाला लॅपटॉप सात-आठ सेकंद घ्यायचा. सुटीत नातवाने त्याच लॅपटॉपवर लिनक्स टाकून दाखवलं, तर पापणी लवायच्या आत उत्तर. "आजोबा, विंडोज मंदच आहे," म्हणून तो मोकळा झाला.

मला हा निकाल पटला नाही. त्याला खोदून विचारलं, थोडं वाचलं.

गिट लिहिलं लिनस टोरवाल्ड्सने, एप्रिल २००५ मध्ये, आणि तेही लिनक्सच्याच गाभ्याचं काम सांभाळायला. साहजिकच लिनक्सला जे सहज जमतं तेच ते मागत राहतं. काय बदललं हे कळायला गिट एकेका फाइलपाशी जाऊन तिचा आकार, तिची वेळ विचारतं. लिनक्स ही माहिती हाताशी ठेवतं, चटकन सांगतं. विंडोजवर त्याच चौकशीसाठी फाइल उघडण्याचा सोपस्कार होतो आणि वाटेत अँटिव्हायरससारखे पहारेकरी बसलेले. मोठी फाइल एकदाच उघडायची असती तर हे जाणवलंही नसतं, पण इथे अकरा हजार वेळा दार, अकरा हजार वेळा पहारा! शिवाय गिटमधली बरीच कामं पूर्वी शेल स्क्रिप्टमध्ये होती, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम सारखे सुरू करायचे. लिनक्सवर ते स्वस्त, विंडोजवर महाग. त्यात लिनक्सची 'फोर्क' ही रीत विंडोजवर गिटला मिळत नाही, म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवलेला.

मग मंद कोण? माझ्या मते कोणीच नाही. प्रश्न एकाच्या भाषेत विचारायचा आणि घड्याळ दुसऱ्यावर लावायचं, हे बरं नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजचा स्वतःचा सुमारे ३५ लाख फाइलींचा पसारा गिटमध्ये आणला, तेव्हा त्यांनाही त्यासाठी वेगळी सोय बांधावी लागली. २०२२ पासून तर गिटमध्येच अशी सोय आहे की बदललेल्या फाइली विंडोजच कळवतं, घरोघर फिरायला नको. म्हणजे विचारायची पद्धत बदलली. नातवाने ती चालू करून दिली आणि आता माझाही लॅपटॉप सेकंदभरात बोलतो. (अँटिव्हायरस बंद करा असा सल्लाही एकाने दिला होता, तो मी मानला नाही.)

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने का लिहितोय? जत तालुक्यात असताना माझ्या वर्गात कानडी शाळेतून आलेला एक मुलगा होता. तोंडी गणितं घालायचो. सगळ्यांचे हात वर झाले की मग याचा. उत्तर मात्र बरोबर. तो माझं मराठी मनात कानडीत नेत होता, तिथे हिशेब करत होता आणि उत्तर परत मराठीत आणत होता, हे मला त्या वर्षी सुचलं नाही. प्रगतिपुस्तकात मी 'मंद' असा शेरा लिहिला, लाल शाईने. पुढे त्याच्या वडिलांची बदली झाली.

नातवाला हे सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, "मग तुम्ही त्याला कानडीत का नाही विचारलंत?"

मला कानडी येत नव्हतं.