बँकेचा पत्ता बदलला, जुन्या पत्त्यावर कोण बसणार?

दहिवडी : रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार देशातल्या बँकांना आपल्या वेबसाइटचा पत्ता ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ वर न्यायचा होता. सातारा जिल्हा मध्यवर्ती बँक असो की म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक, हा नियम सहकारी बँकांनाही लागू आहे. बनावट वेबसाइट काढून लोकांना लुबाडणाऱ्यांना आळा बसावा, हा त्यामागचा हेतू. हे नाव हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडूनच मिळतं आणि फक्त बँकेलाच मिळतं. निर्णय चांगलाच आहे. पण जुन्या पत्त्याचं पुढं काय, हा प्रश्न मागं राहिला. धोका तिथंच आहे.

डोमेन म्हणजे सातबारा नव्हे

वेबसाइटच्या नावाला डोमेन म्हणतात. ते कायमचं विकत मिळत नाही. खंडानं घेतलेल्या रानासारखं ते ठराविक मुदतीसाठी असतं. डॉट कॉमसारख्या साध्या नावाला वर्षाला साधारण हजाराच्या आसपास रुपये लागतात. मुदतीत पैसे भरले नाहीत, तर नाव हातचं जातं.

अर्थात ते एका दिवसात जात नाही. डॉट कॉमचं बघितलं, तर मुदत संपल्यावर कंपनीनुसार ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं. मग ३० दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येतं. त्यानंतरचे ५ दिवस काहीच करता येत नाही. मग नाव खुलं होतं, जो आधी मागेल त्याचं.

टपून बसलेली दुकानं

इथंच ‘बॅकऑर्डर’ नावाचा धंदा येतो. सुटणाऱ्या नावावर आधीच नंबर लावायचा, की ती कंपनी आपल्यासाठी टपून बसते. नाव खुलं होताच तिचे संगणक सेकंदाच्या आत मागणी टाकतात. हातानं टाइप करणाऱ्याचा तिथं निभाव लागत नाही. एकाच नावावर दोघा-तिघांचा नंबर असेल, तर लिलाव होतो. काही वेळा नोंदणी करणारी कंपनीच नाव खुलं होण्याआधी ते लिलावात काढते. म्हणून ‘अजून दोन महिने आहेत’ या भरवशावर बसणं धोक्याचं.

हा धंदा बेकायदेशीर नाही. नवा व्यवसाय सुरू करणाऱ्याला चांगलं नाव हवं असतं, तो सरळ मार्गानं घेतो. प्रश्न आहे तो नाव कुणाच्या हाती पडतं याचा. बँकेचं जुनं नाव भामट्यानं घेतलं, तर तो हुबेहूब तसंच पान उभं करू शकतो. जुन्या पासबुकावर, कॅलेंडरवर, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये तोच पत्ता छापलेला असतो. लोकांचा त्यावर विश्वास बसलेला असतो. शिवाय त्या नावाच्या जुन्या ई-मेल पत्त्यांवर येणारी पत्रंही नव्या मालकाकडं जाऊ शकतात.

असं विसरणं फक्त लहान संस्थांकडूनच होतं असं नाही. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि हॉटमेल वापरणाऱ्यांची अडचण झाली. एका भल्या प्रोग्रॅमरनं स्वतःच्या खिशातून पैसे भरले म्हणून निभावलं. दर वेळी असा भला माणूस भेटेलच असं नाही.

पतसंस्था, दूध संघांनी काय पाहावं?

पतसंस्था ही बँक नाही, त्यामुळं तिला ‘डॉट बँक डॉट इन’ मिळत नाही. शेतकरी कंपन्या, दूध संघ, शाळा यांचंही तेच. यांची मदार साध्या डॉट कॉम, डॉट इनवरच. गावाकडं बऱ्याचदा वेबसाइट एखाद्या ओळखीच्या पोरानं करून दिलेली असते. नाव त्याच्याच खात्यावर, मोबाइल त्याचाच. तो नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला, की मुदत संपल्याचा मेसेज संस्थेला येतच नाही.

उपाय सोपे आहेत. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ई-मेलवर करून घ्यावं. एकदम जास्त वर्षांचे पैसे भरावेत. डॉट कॉमचे १० वर्षांपर्यंतचे भरता येतात. बँकांनीही पत्ता बदलला म्हणून जुनं नाव सोडू नये. ते ताब्यात ठेवून येणाऱ्याला नव्या पत्त्यावर वळवावं.

नाव गेलंच तर कायद्याचा आधार आहे. डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात सांगितलं. डॉट इनच्या वादासाठी ‘निक्सी’ या संस्थेची लवाद व्यवस्थाही आहे. पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो. तोवर ठेवीदारांचं नुकसान झालं तर ते भरून कोण देणार?

खातेदारांनी काय पाहावं?

पत्ता उजवीकडून वाचायचा. शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असाच हवा आणि ‘बँक’च्या आधीही डॉट हवा. ‘अबकबँक डॉट इन’ असं जोडून लिहिलेलं नाव कुणीही घेऊ शकतो. ‘बँक डॉट इन’च्या पुढं आणखी काही जोडलेलं असेल, तर तो पत्ता खरा नव्हे. जुनी लिंक उघडून पासवर्ड किंवा ओटीपी टाकू नये. शंका आली तर शाखेत जाऊन विचारावं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा.