पेन्शन संपली, कागद संपला!

मंडळी, परवा एका लग्नासाठी नांदेडला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर वेळ होता म्हणून जुन्या सामानाच्या दुकानात घुसलो. (आमची खोड तुम्हाला माहीतच आहे!) तिथे एका पिशवीत दोन वस्तू मिळाल्या. एक 1972 चं ताम्रपत्र, म्हणजे स्वातंत्र्याच्या 25व्या वर्षी स्वातंत्र्यसैनिकांना दिलेलं, त्यावर लातूरकडच्या एका गृहस्थांचं नाव. आणि दुसरा, त्यांच्या तुरुंगातून सुटकेचा उर्दू कागद.

दुकानदार म्हणाला, "दोन्ही येगळं घ्या साहेब, तांब्याला गिऱ्हाईक हाय. आन् कागद तर साडेसहाशे वर्षं जुना, हे बघा, 1357!"

1357 हे निजामाच्या राज्यातलं फसली साल हो! त्यात 590 मिळवा, की आलं 1947-48. आमच्या भाषेत, डेट फॉरमॅटचा घोळ. ज्या वर्षी उमरीची बँक लुटून लढ्याला पैसा उभा केला, सप्टेंबरमध्ये पोलीस ॲक्शन झाली, त्याच वर्षातला हा कागद.

दोन्ही घेतलं. विचारत विचारत त्या गृहस्थांच्या नातवाचा नंबर मिळवला. साहेब पुण्यातच, आपल्याच धंद्यात! म्हणाले, "आजोबांच्या मागे आजीला पेन्शन होती. आजी गेली, पेन्शन बंद झाली. घर रिकामं करताना गेलं असेल. उर्दू कुणाला वाचता येतं आता? ठेवा तुम्हीच."

इथे माझं डोकं फिरलं. पेन्शनसाठी हाच कागद पुरावा म्हणून जपला, आणि पैसे थांबले की रद्दी?

आता संग्राहकांकडे वळू, कारण तेही काही सोवळे नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांच्या सन्मानपत्रांचा जगभर बाजार आहे. आयर्न क्रॉसवर सैनिकाचं नाव नसायचं. नाव, तुकडी, तारीख, अधिकाऱ्याची सही, सगळं सोबतच्या कागदावर. म्हणून पदकापासून कागद तोडला की माणूसच हरवतो. तरी जास्त पैसे मिळतात म्हणून संच फोडून विकणारे तिथेही आहेत, आणि नकली कागद करणारेही. हिटलरच्या राजवटीच्या कागदांना एवढं गिऱ्हाईक, आणि निजामाशी लढलेल्या माणसाचा कागद पिशवीत!

"अहो, पण संग्राहक आहेत म्हणून वाचलं तरी!" मान्य. पण तांबं एकाच्या भिंतीवर आणि कागद दुसऱ्याच्या फायलीत, याला वाचणं म्हणत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण 2005 साली सर्वोच्च न्यायालयात गाजलं, आठवतंय? खोट्यांनी कागद तयार केले, आणि खऱ्यांच्या नातवंडांनी खरे कागद विकले. उद्या खरा कोण हे कशावरून ठरवणार?

तेव्हा नांदेड-लातूरकडच्या, आणि पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या दोस्तांनो, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ती पत्र्याची ट्रंक उघडा. उर्दू वाचता येत नसेल तर नांदेडमध्ये, लातूरमध्ये वाचणारे आजही आहेत, त्यांच्याकडे जा. स्कॅन करा, मागे नाव, गाव लिहा. ठेवायचं नसेल तर पुराभिलेखागारात द्या. आणि विकत घेणाऱ्यांनो, संच फोडू नका, कुठून मिळाला ते लिहून ठेवा.

पिशवी माझ्या टेबलावर आहे. नातवाला सांगितलंय, न्यायला ये. तीन रविवार झाले, अजून आला नाही.

असो.