गोधडीला गाव असते

जुन्या गोधड्या जमविण्याची हौस अलीकडे वाढली आहे. शहरी दिवाणखान्यांच्या भिंतींवर त्या टांगल्या जातात, त्यांचे तुकडे करून उशांचे अभ्रे शिवले जातात, आणि सोबत चिठ्ठी असते : 'विदर्भ, हातशिलाई, जुनी'. आमचा आक्षेप या चिठ्ठीवर आहे. संग्रहाला आमचा विरोध नाही. करणारीचे नावगाव पुसून टाकणाऱ्या संग्रहाला आहे.

वर्धा जिल्ह्यात हा दोष एक निराळे रूप घेतो. येथे प्रत्येक जाड्याभरड्या कापडाला खादी म्हणण्याचा मोह आवरत नाही. गांधीजी 1936 साली सेगावला राहावयास आले, 1938 साली वर्ध्यात मगन संग्रहालय उघडले; तेव्हा आजीची वाकळही चरख्याचीच, असे विकणारा सांगतो आणि घेणारा भाविकपणे ऐकतो. परंतु याच जिल्ह्यात हिंगणघाट व पुलगाव येथे कापडाच्या गिरण्या होत्या, आणि शेजारच्या नागपुरात एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 पासूनच सुरू झाली होती. गिरणीचे कापड खादीहून स्वस्त असे. गरिबाच्या अंगावर बहुधा तेच आले आणि विरल्यावर गोधडीतही तेच गेले. हे सांगण्याने खादीचा अवमान होत नाही. जे सूत चरख्यावर कातलेच नाही त्याचे श्रेय चरख्याला देणे, हाच खरा अवमान होय.

कापड स्वतः साक्ष देते. ऐकणारा मात्र प्रामाणिक हवा. हातसुताचा धागा कोठे जाड, कोठे बारीक असतो; गिरणीचा एकसारखा. गिरणीच्या ठाणाच्या टोकाला शिक्का असे, तो कधी फाटक्या कोपऱ्यातून आतल्या थरावर दिसतो. सुटलेला एखादा धागा ज्योतीला लावावा : सुताला जळक्या कागदाचा वास येतो व मऊ राख पडते, टेरिकॉटमधले कृत्रिम सूत वितळून त्याचा कडक मणी होतो. आणि टेरिकॉटचे ठिगळ निघाले, तर ती शिलाई साठच्या दशकापूर्वीची असूच शकत नाही, मग खालचे लुगडे कितीही जुने असो. ते ठिगळ मुळातले की मागाहून लावलेले, हे टाक्यांवरून ताडून पाहावे. केवळ आत काय आहे या कुतूहलापोटी गोधडी उसवणे मात्र आम्हांस निषिद्ध वाटते.

तथापि, कापड सर्व काही सांगत नाही. ते कोणाच्या अंगावरचे, हे केवळ शिवणारी सांगू शकते. आर्वीच्या बाजूला एका आजींपाशी आम्ही बसलो असता त्यांनी बोट ठेवून दाखविले, "हे माह्या सासूचं लुगडं, हे धन्याचं धोतर, अन् हे गेलेल्या पोराचं झबलं, बाप्पा." झबल्याचा तो तुकडा तळहाताएवढाही नव्हता. ज्या बाईने आयुष्यात कागदावर अक्षर उमटविले नाही, तिने घराचा इतिहास धावदोऱ्याने लिहून ठेवला होता. दोन स्टीलच्या भांड्यांवर ती गोधडी उचलून नेणारा माणूस कापड नेतो आणि इतिहास उकिरड्यावर टाकतो.

संग्राहक म्हणतील, 'आम्ही नेल्या नसत्या, तर त्या उंदरांनी कुरतडल्या असत्या.' हे अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या सत्याचा दोष आपल्याकडेही येतो. पाहुणे आले की गोधडी माळ्यावर टाकून यंत्राचे ब्लँकेट पसरणारे आपणच. ज्याची आपल्याला लाज वाटते, ते दुसऱ्याने स्वस्तात नेले तर रागावण्याचा अधिकार आपल्याला किती? परंतु उंदरांपासून वाचविणाऱ्याला नाव विचारण्याची मनाई कोणी केलेली नाही. त्याला एक वही लागते आणि अर्धा तास लागतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गोधडी घेणाऱ्याने शिवणारीचे नाव, गाव, प्रत्येक तुकड्याची ती सांगेल ती हकीकत आणि दिलेली किंमत लिहून ठेवावी. नाव देण्यास ती राजी नसेल, तर तेही लिहावे. आणि विकण्यास राजी नसेल, तर गोधडी तिच्या अंगावरच राहू द्यावी. ती शिवली गेली होती ती तिच्याच घराला ऊब देण्यासाठी. आपल्या भिंतीसाठी नव्हे.