वयाची अट गेली, पैशाची राहिली

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्च २०२२ मध्ये ‘नीट’ परीक्षेची कमाल वयोमर्यादा रद्द झाल्याचे जाहीर केले. त्यापूर्वी पाच वर्षे खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० या वयोमर्यादेवरून न्यायालयीन वाद सुरू होता. २०२० मध्ये ओडिशातील बुर्ला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ६४ वर्षांच्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला प्रवेश मिळाला, तेव्हा देशभर कौतुक झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने आणखी एक दार उघडले. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांना तो विषय अतिरिक्त म्हणून नंतर उत्तीर्ण होऊन ‘नीट’ला बसण्याची मुभा मिळाली. परिचारिका, औषधनिर्माते, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि अभियंतेही आता तिशीत डॉक्टर होण्याचा विचार करू शकतात.

प्रश्न त्यापुढचा आहे. प्रवेश मिळाल्यावर ही साडेपाच वर्षे काढायची कशाच्या आधारावर?

हिशेब मांडून पाहू. ३२ वर्षांची एक परिचारिका दरमहा ४० हजार रुपये मिळवते, असे समजा. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि आंतरवासितेचे एक वर्ष, असे ६६ महिने तिने नोकरी सोडली तर २६ लाख ४० हजार रुपयांच्या वेतनावर पाणी सोडावे लागेल. आंतरवासितेतील विद्यावेतन त्यातून वजा केले, तरी रक्कम मोठीच उरते. शुल्क, पुस्तके आणि घरखर्च वेगळा. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा खर्च म्हणजे मुख्यतः शुल्क. प्रौढ विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे बुडालेला पगार, आणि आपल्या शैक्षणिक कर्जव्यवस्थेत त्यासाठी रकानाच नाही.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, त्यापुढे लागते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते आणि १५ वर्षांपर्यंत चालू शकते. आपली परिचारिका हप्ते फेडू लागेल तेव्हा तिने अडतिशी ओलांडलेली असेल आणि पूर्ण मुदत घेतली तर शेवटचा हप्ता त्रेपन्नाव्या वर्षानंतर पडेल. दहा टक्के व्याजाने दहा लाखांच्या कर्जाचा १५ वर्षांचा हप्ता सुमारे १० हजार ७५० रुपये होतो, आणि अभ्यासकाळात साचलेले व्याज त्यात धरलेले नाही. त्याच सुमारास मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्चही उभा राहतो. पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे धरली तर हे गणित आणखी लांबते.

तारणाचा मुद्दा गोव्यात अधिक अवघड होतो. येथील अनेक घरे वडिलोपार्जित आणि अविभाजित आहेत. एक-चौदाच्या उताऱ्यावर अर्धा डझन सहहिस्सेदारांची नावे असतात, त्यांतील काही मुंबईत, काही आखातात, काही इंग्लंडमध्ये. आपल्या नागरी कायद्यानुसार पती-पत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक असल्याने गहाण ठेवण्यास दोघांची संमती हवी. मुंडकाराच्या घराची मालकी तर अनेक ठिकाणी कागदावर आलेलीच नाही. घर आहे, पण बँकेपुढे ठेवता येत नाही, अशी ही स्थिती.

सरकारी साहाय्याचे काय? केंद्राची व्याज अनुदान योजना वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे आणि तिचा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो. पहिल्या पदवीला तो घेतला असेल तर दुसऱ्या पदवीला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्जाची तरतूद आहे. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतही आहे. नोकरी सोडून येणाऱ्याचे उत्पन्न मात्र कोणते धरायचे, गेल्या वर्षीचे की यापुढचे, हा प्रश्न उरतोच. सरकारी नोकरांना अभ्यासरजा मिळते, परंतु केंद्रीय रजा नियमांत ती साधारणपणे संपूर्ण सेवाकाळात २४ महिने आहे. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम तीत बसत नाही.

इंग्लंडमधील अनुभव येथे बोधप्रद आहे. तेथेही दुसऱ्या पदवीला सरकार सहसा शुल्ककर्ज देत नाही. मात्र पदवीधरांसाठीच्या चार वर्षांच्या वैद्यकीय अभ्यासक्रमाला अपवाद केला आहे. पहिल्या वर्षी शुल्काचा काही भाग विद्यार्थी स्वतः भरतो व उरलेल्यासाठी कर्ज मिळते. दुसऱ्या वर्षापासून शुल्काचा एक भाग राष्ट्रीय आरोग्य सेवा उचलते. तत्त्व सरळ आहे. दुसऱ्यांदा शिकणाऱ्याने काही भार उचलावा, आणि डॉक्टर समाजाला हवा आहे म्हणून काही भार समाजाने.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. जागा मोजक्या असताना अठरा वर्षांचा विद्यार्थी चाळीस वर्षे सेवा देईल, पस्तिशीचा पंचवीसच. मग सार्वजनिक पैसा कोणावर खर्चावा? पण ती जागा गुणवत्तेने मिळालेली असते आणि वयाचा निकष देशाने विचारपूर्वक काढून टाकला आहे. शासकीय महाविद्यालयातील प्रत्येक जागेवर करदात्याचा पैसा आधीच खर्च होतो. असा विद्यार्थी पैशाअभावी तिसऱ्या वर्षी बाहेर पडला तर तो खर्च वाया जातो. शिवाय दहा वर्षे रुग्णालयात काढलेली परिचारिका वैद्यकीय शिक्षणात कोऱ्या पाटीने येत नाही.

गोव्यासारख्या छोट्या राज्याला येथे पुढाकार घेणे कठीण नाही. गोमेकॉत दरवर्षी असे विद्यार्थी मूठभरच असतील. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना राज्यात आहेच. तीत वैद्यकीय शाखेच्या दुसऱ्या पदवीसाठी स्वतंत्र, स्पष्ट कलम असावे. साडेसात लाखांवरील कर्जाला घराऐवजी राज्याची हमी मिळावी. आरोग्य खात्यातील कर्मचाऱ्यांना बिनपगारी का होईना, सेवाहक्क राखून दीर्घ रजा मिळावी. त्याबदल्यात सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या तालुक्यांतील आरोग्य केंद्रांत काही वर्षांच्या सेवेचा करार घ्यावा.

तोवर इच्छुकांनी राजीनामा देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी तपासाव्यात: बँकेची तारणाची अट, पूर्वी घेतलेल्या व्याज अनुदानाची नोंद आणि सेवेतील रजेचा नियम. परीक्षेच्या दारावरची वयाची पाटी देशाने उतरवली. आत गेलेल्याला शेवटच्या वर्षापर्यंत टिकता येईल, एवढी सोय करणे राज्याच्या हाती आहे.